उतारा वाचा आणि उत्तरे लिहा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आज एका परीक्षेच्या प्रश्नाबद्दल बोलायचे आहे. दहावी पाहिलेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे. इंग्रजीच्या पेपरात दहा-बारा ओळींचा एक उतारा असतो आणि त्याखाली चार-पाच प्रश्न. त्याच्या शेजारी व्याकरण असते: गाळलेल्या जागा भरा, ॲक्टिव्हचे पॅसिव्ह करा, डायरेक्टचे इनडायरेक्ट करा. बुलडाणा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचे पुढचे आयुष्य या दोन प्रश्नांनी ठरवले आहे. आमच्या घराचेही ठरवले.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. गणितात हुशार. दहावीला इंग्रजीत अठ्ठावीस गुण मिळाले. पास व्हायला पस्तीस लागत. ऑक्टोबरला पुन्हा बसले, पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला फॉर्म भरायचे पैसे अब्बांनी दिले नाहीत, आणि भाईजाननीही मागितले नाहीत. ते जिनिंगमध्ये कामाला लागले. मी मात्र त्याच पेपरात पास झालो. भाईजानपेक्षा मला इंग्रजी जास्त येत होते असे कुणी समजू नये. मला एक युक्ती सापडली होती, एवढेच.

ती युक्ती सांगतो. समजा उताऱ्यात लिहिले आहे, ‘गोम्याने टिंबली फिसकवली.’ खाली प्रश्न आहे, ‘टिंबली कोणी फिसकवली?’ तुम्ही लगेच सांगाल, गोम्याने. टिंबली म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नाही, फिसकवणे म्हणजे काय हेही नाही. तरी उत्तर बरोबर आणि गुण पूर्ण. माझ्या परीक्षेतला उतारा समुद्रातल्या दीपगृहाचा होता. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता, दीपगृह हा शब्द ऐकला नव्हता. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उचलून खाली लिहायचे. भाईजान प्रामाणिक होते. ते अर्थ शोधत बसले आणि वेळ संपला.

हा प्रश्न आपल्याकडे आला कुठून? त्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी मजकूर असे. ज्याला मराठी येत होते तो शेजारचे इंग्रजी चाचपून पाहू शके, आणि इंग्रजी जाणणाऱ्याला मराठीचा अंदाज येई. आकलनाचा याहून चांगला धडा कोणता असेल? पुढे १८३५ च्या फेब्रुवारीत मेकॉलेचे ते प्रसिद्ध टिपण आले आणि इंग्रजी शिक्षणाला सरकारी पाठबळ मिळाले. १८५४ मध्ये वुडचा खलिता आला, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले आणि त्यामागून मॅट्रिकची परीक्षा आली. शिकण्याच्या वाटेवर दरवाजा बसला तो इथे. त्याला कुलूप होते इंग्रजीचे.

याच काळातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर या बावीस वर्षांच्या तरुणाने मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. लिंडले मरे या लेखकाचे १७९५ चे इंग्रजी व्याकरण तेव्हा शाळांतून चालत असे. दादोबांनी इंग्रजी व्याकरणाची ती मांडणी समोर ठेवली आणि संस्कृतची परिभाषा वापरून आपल्या बोलण्याचे नियम लिहिले. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. म्हणजे इंग्रजी व्याकरण शिकता शिकता मराठी माणसाला स्वतःच्या भाषेचे व्याकरण दिसले. १८५० साली मेजर कँडी यांनी विरामचिन्हांची परिभाषा मराठीत आणली. त्यापूर्वीच्या मोडी कागदात शब्द तोडून लिहायचीही पद्धत नव्हती. आज उताऱ्याखालच्या प्रश्नापुढे आपण जे प्रश्नचिन्ह काढतो, तेही या देवाणघेवाणीतूनच आले.

अशी गोष्ट फक्त आपल्याकडेच घडली असेही नाही. चीनमध्ये १८६२ साली बीजिंगला परकीय भाषा शिकवणारी सरकारी शाळा निघाली. १८९८ मध्ये मा जियानझोंग या विद्वानाने लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर चिनी भाषेचे व्याकरण लिहिले. दादोबांनंतर बासष्ट वर्षांनी तोच प्रयोग. आज चीनमधली हायस्कूलची मुले ‘गाओकाओ’ नावाच्या प्रवेशपरीक्षेला बसतात. ती १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिला एक कोटी चौतीस लाख मुले बसली. त्यातली बहुतेक मुले इंग्रजीचा पेपर देतात, आणि त्या पेपरातही उतारे आणि गाळलेल्या जागा असतात. चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही. त्या भाषेत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ नाहीत. ‘द’ कुठे लावायचा या चिंतेत मेहकरचा मुलगा आणि चीनमधल्या एखाद्या खेड्यातला मुलगा एकाच बाकावर बसलेले आहेत, कारण मराठीतही आर्टिकल नाही.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला भाव आला. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. रेल्वेबरोबर तार आली, बिल्टी आली, गाठींवर इंग्रजी अक्षरांचे ठसे आले. शेतकरी मराठी बोले, अडत्या हिशेब आपल्या लिपीत ठेवी, आणि माल गाडीत चढला की कागद इंग्रजीत होई. ज्याला तो कागद वाचता येई त्याची किंमत वाढे. आमच्या भागात इंग्रजीची भूक पुस्तकातून आली नाही. ती मालधक्क्यावरून आली.

ही भूक खालच्या जातींतल्या, गरीब घरांतल्या माणसांनी फार आधी ओळखली होती. जोतिराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. सावित्रीबाईंनी १८५४ च्या आपल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्यावर कविता लिहिली. मी स्वतः कविता लिहितो, म्हणून मला याचे विशेष वाटते. मराठीतल्या इतक्या आरंभीच्या एका कवयित्रीला इंग्रजी हा कवितेचा विषय वाटला, कारण तिच्यासाठी तो माणूस म्हणून उभे राहण्याचा विषय होता.

मग पुस्तके आली. मराठी घरांतून ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ पिढ्यान् पिढ्या फिरली. आधी शब्द, मग नियम, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचे मराठी. १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे हायस्कूल व्याकरण आले. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि ‘बो जेस्ट’ ही त्यांची कादंबरी १९२४ साली गाजली होती. कादंबरीकाराने लिहिलेले व्याकरण आपल्या मुलांनी घोकले, त्याची कादंबरी मात्र फारशी कुणी वाचली नाही.

स्वातंत्र्यानंतर धोरणे बदलत गेली. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मुंबई राज्यात खेर मंत्रिमंडळाने इंग्रजी आठवीपासून ठेवले होते. नंतर महाराष्ट्रात ते पाचवीपासून आले. माझी पिढी त्या पाचवीवाल्यांची. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात ते पहिलीपासून झाले. इंग्रजी कितवीपासून, यावर आपण फार भांडलो. ते कसे शिकवायचे, यावर मात्र तेवढे बोललो नाही.

माझ्या शाळेतली गोष्ट सांगतो. आठवीला एक गुरुजी बदलून आले. त्यांच्या टेबलावर कव्हर गेलेली तर्खडकर पाठमाला असे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. ‘मी रोज शाळेत जातो’ आणि ‘मी शाळेत जाऊन राह्यलो’. वर्ग हसला. ‘जाऊन राह्यलो’ ही आमची वऱ्हाडी. तोवर ती फळ्यावर लिहिली की छडी मिळायची. गुरुजी म्हणाले, ‘हसू नका रे. पहिलं वाक्य म्हंजे आय गो. दुसरं म्हंजे आय ॲम गोइंग. पुण्याच्या पोराले हा फरक समजवा लागते, तुमच्या तोंडात तो पयलेपासूनच हाये.’ मी घरी उर्दू बोलायचो. आमच्या बोलीत ‘जाता हूँ’ आणि ‘जा रहा हूँ’ असे. म्हणजे माझ्याकडे तर तो फरक दोनदा होता. प्रेझेंट कंटिन्युअस मला त्या दिवशी कळला तो आजतागायत.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, ‘रामाने आंबा खाल्ला. प्रयोग कोणता?’ मराठीच्या तासाला शिकलो होतो, कर्मणी. कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. आंब्याऐवजी पोळी घातली की ‘खाल्ली’ होते. म्हणून आम्ही सगळे त्याचे इंग्रजी पॅसिव्ह करत होतो आणि सगळे चुकत होतो. गुरुजींनी समजावले, की आपला कर्मणी आणि त्यांचा पॅसिव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रामाने आंबा खाल्ला हे इंग्रजीत सरळ ॲक्टिव्हच राहते. इतकी वर्षे लाल शाईने खोडलेली ती चूक आमच्या मठ्ठपणाची नव्हती. दोन भाषांची घरे वेगळ्या नकाशावर बांधलेली आहेत, एवढेच आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

बंगळूरला १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी साध्या शाळांतून एक प्रयोग केला. त्यांनी मुलांना व्याकरणाचे नियम न देता इंग्रजीतून सोडवायची छोटी कामे दिली. नकाशा पाहून रस्ता सांगा, गाड्यांचे वेळापत्रक पाहून वेळ काढा. मूल अर्थामागे धावले की भाषा त्याच्यामागे येते, हा त्यामागचा विचार. त्या प्रयोगाचे नाव जगभर झाले. आमच्या गुरुजींना प्रभू ठाऊक नसावेत. गुरुजींची वाट मातृभाषेची होती आणि प्रभूंची कामाची, पण दोन्ही वाटा अर्थाकडे जात होत्या. मधल्या काळात गाइड आली, संभाव्य प्रश्नसंच आले आणि युक्ती हाच अभ्यास झाला. मी त्या युक्तीवर पास झालो हे आधीच कबूल केले आहे. कारण गुरुजी वर्षभरात बदलून गेले आणि दहावीला आम्ही पुन्हा गाइडवर आलो.

बी.ए.ला इंग्रजी कविता समोर आल्या तेव्हा माझी युक्ती चालेना. कवितेखालच्या प्रश्नाचे उत्तर कवितेत लिहिलेले नसते. तेव्हा मी पुन्हा गुरुजींच्या रीतीकडे वळलो. प्रत्येक ओळ मराठीत सांगून पाहायची, जमली नाही तर उर्दूत, तीही नाही जमली तर वऱ्हाडीत. अर्थ कुठे ना कुठे बसायचाच. मी मराठीत कविता लिहू लागलो तो या खटाटोपातून. लोक मला विचारतात, मुसलमान असून मराठीत कसे काय लिहिता? त्यांना काय सांगू, की मला माझी मराठी इंग्रजीच्या तासाला सापडली!

दहावीचा अभ्यासक्रम २०१८ मध्ये बदलला. आता प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते. उताऱ्याखाली मुलाचे स्वतःचे मत विचारणारा प्रश्नही असतो. बदल चांगला आहे. पण त्या मताचीही तयार उत्तरे बाजारात मिळतात आणि मुले ती पाठ करतात. स्वतःचे मत पाठ करणे म्हणजे काय, याचा विचार शिक्षकांनी आणि पालकांनी करावा.

मागच्या हिवाळ्यात भाईजानकडे गेलो होतो. त्यांची नात दहावीला आहे. ती ओसरीत बसून इंग्रजी उतारा सोडवत होती. भराभर उत्तरे लिहीत होती. भाईजान शेजारी बसले होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, ‘बेटा, इसका मतलब क्या हुआ?’

ती म्हणाली, ‘दादा, मतलब नहीं पूछते. आन्सर आ गया ना.’

भाईजान म्हणाले, ‘मेरे को तो मतलब होना.’

ती थांबली. मग शब्दकोश आणला. त्या एका ओळीला आम्हा तिघांना पाव तास लागला. ती ओळ आधी उर्दूत बसली, मग मराठीत. अठ्ठावीस गुणांवर अडलेला माणूस पंचेचाळीस वर्षांनी त्याच ठिकाणी अडून बसला होता, आणि या वेळी घाई करायला कुणी पर्यवेक्षक नव्हता. तुमच्या घरी कुणी मूल उतारा सोडवत असेल तर आज संध्याकाळी त्यालाही एकदा विचारून पाहा, याचा अर्थ काय झाला? आपल्या घरच्या भाषेत सांग.