तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना

तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हा महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील ढोकी येथील साखर कारखाना आहे. मांजरा नदीची उपनदी असलेल्या तेरणा नदीवरून त्याला हे नाव मिळाले. मराठवाड्यातील जुन्या सहकारी कारखान्यांत त्याची गणना होते. 2010च्या दशकात बहुतांश काळ येथील गाळप बंद होते.

कार्यपद्धती

सहकारी कारखान्यात ऊस उत्पादक शेतकरी हेच भागधारक असतात. तोडलेल्या उसातील साखरेचे प्रमाण दिवसागणिक घटत असल्याने ऊस शक्य तितक्या लवकर गाळावा लागतो. म्हणून कारखान्याचे महत्त्व त्याच्या जवळपणात असते.

बंद पडण्याचे परिणाम

गाळप थांबल्यावर परिसरातील ऊस दूरच्या कारखान्यांकडे पाठवावा लागला. सभासदांच्या उसाला तोड देण्यास प्रत्येक कारखाना प्राधान्य देतो. त्यामुळे बाहेरच्या शेतकऱ्याचा ऊस उशिरा तुटतो, वाळून त्याचे वजन घटते आणि पुढील पिकासाठी रान वेळेवर मोकळे होत नाही. शिवाय तोडणी व वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वजा होत असल्याने अंतराचा भारही अखेर उत्पादकावरच पडतो.

कायम व हंगामी कामगारांचा रोजगार गेला. गाळप हंगामावर चालणारी ढोकीच्या बाजारपेठेतील उलाढालही मंदावली; हॉटेले, गॅरेज, किराणा दुकाने आणि वाहतूकदार यांना त्याची झळ बसली.

जिल्हा बँकेवरील ताण

कारखान्याला कर्ज देणारी उस्मानाबाद जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक थकबाकीमुळे अडचणीत आली. जिल्हा बँक गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांमार्फत पीककर्ज पुरवते. तिची कर्ज देण्याची क्षमता घटली, की कधीही ऊस न लावलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही सावकाराचे दार गाठावे लागते. एका कारखान्याचे आजारपण अशा रीतीने त्याच्या कार्यक्षेत्राबाहेरही पोहोचते.

पुनरारंभ

थकीत कर्जापोटी बँकेने कारखान्याचा ताबा घेऊन तो दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर खासगी कंपनीस दिला. या प्रक्रियेवरून न्यायालयीन वाद झाले. त्यानंतर गाळप पुन्हा सुरू झाले. ऊस घालण्यासाठी जवळचे ठिकाण परत मिळाले. मात्र भाडेकराराच्या काळात कारखाना चालवण्याचे निर्णय कंपनीकडे असल्याने भागधारक शेतकऱ्याचे स्थान व्यवहारात केवळ ऊस पुरवठादाराचे उरते.