ताथवड्याचा माळ आणि नमुना बारा

मागच्या व्याख्यानानंतर अनेकांनी एकच प्रश्न विचारला. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे, चापेकरांचा वाडा आहे, देहूला तुकोबा आहेत. पण आम्ही राहतो ताथवड्याला. इथे कॉलेजं आणि टॉवर. मग आम्ही स्थानिक इतिहासाचा कार्यक्रम करायचा तरी कशावर?

प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून आमची एक चूकच सांगतो.

काही वर्षांपूर्वी ताथवड्यातल्या एका सोसायटीने १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनाला, आम्हाला बोलावलं. (१८९८ साली याच तारखेला दामोदर चापेकरांना येरवड्यात फाशी झाली. त्यामुळे त्या दिवशी चिंचवडच्या आसपास बोलणाऱ्याला विषय शोधावा लागत नाही.) क्लब हाउसच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. बहुतेक विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून नोकरीसाठी आलेली. मागच्या रांगेत गावठाणातली पाचसहा मंडळी. चापेकर झाले, पवनाकाठ झाला आणि मग ओघात आम्ही बोलून गेलो, "आणि हा तुमचा परिसर, इथे तर पंचवीस वर्षांपूर्वी नुसता ओसाड माळ होता."

मागून आमच्याच वयाच्या एक बाई उठल्या. "माळ कसला वो सर? ही बिल्डिंग हाय ना, तितं आमची ज्वारी हुती. हरभरा हुता. हिर हुती."

हॉलमध्ये हशा पिकला. आम्हीही हसलो आणि पुढे गेलो. ते हसणं अजून टोचतं.

आम्ही आयुष्यभर मुलांना प्रमाणशास्त्र शिकवलं. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानतं, पण तो शब्द आप्ताचा हवा. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. न्यायसूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायन म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे. हे वाक्य आम्ही किमान तीस वर्षं फळ्यावर लिहिलं असेल. त्या दिवशी हॉलमध्ये आप्त कोण होतं? माइक आमच्या हातात होता एवढंच.

"ओसाड माळ" हा शब्द आम्ही आणला कुठून? विचार केला तेव्हा लक्षात आलं, जाहिरातींतून. प्रत्येक नव्या वसाहतीची कहाणी तिथूनच सुरू होते. आधी काही नव्हतं, मग आम्ही आलो. जमीन रिकामी ठरली की तिच्यावर कोण राबलं हे विचारायची गरजच उरत नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही त्या बाईंना गाठलं. म्हटलं, "काही कागद आहे का?" दुसऱ्या रविवारी त्या नातवाला घेऊन आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने हस्तलिखित उतारे. आपण सगळे "सातबारा" म्हणतो, पण ते दोन वेगळे नमुने एका कागदावर असतात. गाव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद, जमीन कोणाची. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, किती क्षेत्रात काय पेरलं, पाणी कशाचं, पडीक किती. फ्लॅटवाला मालकीसाठी फक्त सात बघतो. इतिहास बारामध्ये असतो. आणि बाईंच्या बारामध्ये ओळीने लिहिलं होतं: ज्वारी, हरभरा, ज्वारी. जलसिंचनाच्या रकान्यात: विहीर.

आता लगेच टाळ्या वाजवू नका. कागदही तपासावा लागतो. पूर्वी पीकपाहणी तलाठ्याने शेतावर जाऊन करायची असायची, पण चावडीत बसून मागच्या वर्षीचंच पीक पुढे उतरवल्याच्या तक्रारी गावोगाव ऐकू यायच्या. तेव्हा ओळीने दहा वर्षं ज्वारी दिसली तर ती रानात होती की नुसती रजिस्टरात, हे विचारायला हवं. ते विचारायचं कोणाला? पुन्हा त्या बाईंनाच. त्यांनी सांगितलं, एका वर्षी विहिरीचं पाणी खोल गेलं म्हणून हरभरा पेरलाच नव्हता. कागदावर मात्र तो होता.

आणि स्वतः बाई कागदावर कुठे होत्या? चाळीस वर्षं त्या रानात राबल्या, पण नमुना सातवर आधी सासऱ्यांचं नाव, मग नवऱ्याचं. बाईंचं नाव आलं ते नवरा वारल्यावर, वारस नोंदीच्या फेरफाराने. त्यानंतर चारपाच वर्षांत जमीन विकली गेली. म्हणजे दप्तराच्या दृष्टीने त्या शेतातलं त्यांचं आयुष्य चारपाच वर्षांचं.

त्या उताऱ्याच्या डोक्यावर आणखी एक गोष्ट असते, तीही कोणी वाचत नाही: तालुका मुळशी. ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, पण महसुली तालुका तोच. मुळशी म्हणजे १९२१ चा सत्याग्रह. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच खोदकाम सुरू झालं आणि "जान किंवा जमीन" म्हणत मावळे शेतकरी त्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापटांना "सेनापती" ही पदवी या लढ्याने दिली. ताथवडे त्या धरणात बुडालं नाही, ते कितीतरी पूर्वेला आहे. पण ज्या तालुक्याच्या नावाने तुमच्या फ्लॅटचा दस्त नोंदला गेला त्या तालुक्याचा हा इतिहास आहे. तो सोसायटीच्या हॉलमध्ये ऐकू येत नाही. शिवजयंतीचं व्याख्यान दर वर्षी होतं. व्हावंच. पण त्याच हॉलमध्ये एक रविवार याला द्यायला काय हरकत आहे?

ही पद्धत काही आमची नव्हे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती वक्ता आणि श्रोता असा प्रकार. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळ्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तिथल्या सभांची रीत निराळी. कोणीतरी सापडलेला कागद घेऊन यायचं, वाचून दाखवायचं आणि बाकीच्यांनी तो तपासायचा. राजवाडे स्वतः गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत होते. "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" अशीच उभी राहिली. आमचं मत विचाराल तर वसाहतीतल्या कार्यक्रमाला पहिल्यापेक्षा दुसरा नमुना अधिक मानवतो. वक्ता कमी लागतो, चहा जास्त.

तसं करून पाहिलं. पुढच्या महिन्यात सगळ्यांना सांगितलं, घरातला एक कागद आणा. साठाऐवजी अकरा जण आले. कोणी जुनं रेशनकार्ड, कोणी ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती. यवतमाळकडच्या एका तरुण अभियंत्याने स्वतःच्या गावचा सातबारा आणला. तो पहिल्यांदाच नीट वाचत होता. आजीचं नाव कुठे आहे ते बराच वेळ शोधत बसला.

शेवटी बाईंना विचारलं, विहीर नेमकी कुठे होती? त्या उठल्या, सगळे मागोमाग. बांध नाही, झाड नाही, खूण कसली राहणार? तरी त्या पार्किंगच्या उताराशी जाऊन थांबल्या आणि म्हणाल्या, हितं. सोसायटीचे सेक्रेटरी गृहस्थ जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेसमेंटच्या याच कोपऱ्यात भर मे महिन्यातही पाणी झिरपतं. दोन वेळा वॉटरप्रूफिंग केलं. पंप कायमचा ठेवावा लागलाय."

बाई म्हणाल्या, "ठेवा की. तिला झरा हाय."