घासणे आणि घसारा

वाणिज्य शाखेच्या पदवीनं मला नोकरी दिली हे खरं, पण त्याहून मोठी देणगी म्हणजे 'घसारा' हा शब्द. यंत्र वापरलं की झिजतं आणि ती झीज दरसाल खर्चाच्या बाजूला मांडायची असते. तिचं नाव घसारा. सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग वहीत उतरवून मोकळा झाला. मला मात्र आमच्या मोरीतला पितळेचा तांब्या आठवला. आजीच्या लग्नात आलेला तो तांब्या तीन पिढ्यांनी चिंचेनं घासून घासून इतका पातळ केला होता, की पाणी भरलं तरच तो तांब्या आहे असं वाटे. घासण्यानं येतो तो घसारा, ही व्युत्पत्ती पंडितांना मान्य असो वा नसो, आमच्या मोरीला मान्य होती.

आता पुणं म्हणजे इतिहासाचं माहेरघर. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते इथंच. पेशव्यांच्या पंगतीत काय वाढलं याचे तपशील जुन्या कागदांतून निघतात. पण पंगत उठल्यावर ती खंडीभर पातेली कोणी घासली, कशानं घासली आणि घासताना ती माणसं काय पुटपुटत होती, यावर कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. तेव्हा विस्तवाचा आणि घासण्याचा हा इतिहास एका कारकुनालाच लिहायला हवा.

पहिला कालखंड चुलीचा. चुलीसारखी काटकसरी संस्था नाही. स्वयंपाक करता करताच ती भांडी घासण्याची पावडर तयार करी. राखेत क्षार असतो, तो तेलकटपणाला भिडला की थोडासा साबणच होतो. काळ्या पडलेल्या तांब्या-पितळेला चिंच, कारण आंबट लागलं की वरचा काळा थर विरघळतो. हे रसायनशास्त्र शिकायला आमच्या आजीला कुठल्या महाविद्यालयात जावं लागलं नाही; नारळाची शेंडी आणि पाटभर जागा पुरली. भांडं चुलीवर चढवण्याआधी शहाण्या बायका बुडाला बाहेरून मातीचा हात फिरवीत, म्हणजे काजळी मातीला धरे आणि पाण्याबरोबर निघून जाई. चुलीवरही रोज पोतेरं फिरवायचं. एवढं करून धूर डोळ्यांत जायचा तो जायचाच. पोथ्यापुराणांत धुराला यज्ञाचा मान असतो. स्वयंपाकघरातल्या धुराला खोकल्यापलीकडे काही मिळालं नाही.

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की कळकतो. म्हणून कल्हई. कल्हईवाला वाड्याच्या चौकात भाता मांडी, भांडं तापवी, नवसागर टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि कथलाचा एक कण कापसाच्या बोळ्यानं असा फिरवी की काळं पातेलं आरशासारखं होई. पोरंसोरं तोंड उघडी टाकून बघत. भांडी घडवणारे तांबट कसब्यात. पेशवाईत कोकणातून आलेली ही मंडळी. त्यांच्या तांबट आळीत आजही ठोक्यांचा आवाज येतो. पण कल्हईही झिजायची. वर्ष गेलं की पुन्हा भाता, पुन्हा नवसागर. घसारा चुकत नव्हता.

दुसरा कालखंड स्टोव्हचा. १८९२ साली स्वीडनमधल्या लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थानं स्टॉकहोममध्ये काजळी न धरणारा स्टोव्ह काढला आणि त्याचा प्रायमस जगभर गेला. दाबाखालचं घासलेट तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते, ही त्यातली युक्ती. राख गेली, धूर गेला, आता घासणं संपलं असं लोकांना वाटलं. पण 'घासलेट' या नावातच घासणं आहे, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

स्टोव्हचा जीव त्याच्या निपलच्या भोकात. ते सुईच्या अग्राहून बारीक. त्यात कचरा अडकला की स्टोव्ह फुरफुरायचा आणि मग पिन! हल्ली पिन म्हणजे चार आकडे. आमच्या काउंटरवर रोज कुणीतरी ती विसरून येतं. आमच्या लहानपणी पिन म्हणजे पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला केसाएवढी तार, आणि तीसुद्धा नेमक्या वेळी कुणालाच आठवत नसे. पाहुणे दिवाणखान्यात, चहाचं आधण स्टोव्हवर, आणि आई दाराआडून खुणेनं विचारतेय, "अरे, पिन कुठंय?" स्टोव्ह पेटवण्याचा विधीही साधा नव्हता. काकडा भिजवून पेटवा, बर्नर तापवा, मग पंप मारा. एकदा तो भर्रर्र सुरू झाला की घरात भांडण अशक्य. कारण ऐकूच येत नसे.

इथं मला थोडं थांबायला हवं. बर्नर तुंबला, टाकी गळकी असली आणि वर पंप मारत राहिलं, की भडका उडे हे खरं. पण १९७० आणि ८०च्या दशकांत वर्तमानपत्रात स्टोव्हच्या भडक्याच्या बातम्या येत, त्यांत भाजलेली पुष्कळदा नव्यानं लग्न होऊन आलेली सून असे. त्याच स्टोव्हवर सासूही चहा करायची, नणंदही करायची. मग स्टोव्हला माणसं ओळखता येत होती का, असा प्रश्न बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. १९८३ साली दंडविधानात ४९८-अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं. कायद्याच्या पुस्तकात स्टोव्हचं नाव नाही, पण त्या पानांना मला अजून घासलेटचा वास येतो.

तिसरा कालखंड स्टेनलेस स्टीलचा आणि गॅसचा. दोघं जोडीनं आले. स्टीलचा जन्म, काय योगायोग, घसाऱ्यातूनच झाला. १९१३ साली इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात म्हणून न झिजणारा धातू शोधत होता. पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेला त्याचा नमुना गंजेना. बंदूक बाजूला राहिली आणि सुऱ्या झाल्या. तिथल्या सुऱ्या करणाऱ्यानं तो धातू व्हिनेगर लावून पारखला. आपल्याकडे पारख झाली ती लोणच्यानं आणि ताकानं.

या धातूची गंमत अशी. क्रोमियमचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन वर डोळ्याला न दिसणारा पापुद्रा बसतो. ओरखडा पडला तर हवा लागताच तो पुन्हा बसतो. म्हणजे स्वतःच स्वतःला कल्हई करणारा धातू! हवाच कल्हईवाला झाली. बिचाऱ्या खऱ्या कल्हईवाल्याचा भाता थंडावला. मग तुळशीबागेपासून बोहारणीच्या टोपलीपर्यंत सगळीकडे स्टील झालं. बाबांच्या चार पँटी देऊन एक पातेली घेताना आमच्या वाड्यातल्या बायका जी घासाघीस करीत, ती पाहिलेल्या माणसाला बँकेतल्या कर्जाच्या वाटाघाटी पोरकट वाटतात. काही जणी तर चुंबक घेऊन बसत. चिकटलं की स्टील खोटं. खरं म्हणजे काही अस्सल स्टीलला चुंबक चिकटतं आणि मँगनीजच्या स्वस्त स्टीललाही चिकटत नाही. पण बोहारणीसमोर चुंबक काढण्याचा दरारा काही औरच.

गॅस मुंबईत आला १९५५ साली, बर्मा-शेलचा. पुढं १९६५ मध्ये कलकत्त्यात इंडेन सुरू झाला, १९७६ साली बर्मा-शेल सरकारी झाली, आणि सिलिंडरसाठी नंबर लावणं हा मध्यमवर्गाचा राष्ट्रीय छंद बनला. वर्षानुवर्षं नंबर लागत नसे. लागला की घरात पेढे. पण गॅसनं खरी क्रांती केली ती वेगळीच. हा वायू हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो; म्हणून शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. झालं! जमिनीवर पाटावर बसून रांधणारी बाई ओट्यासमोर उभी राहिली. उठबस वाचली, गुडघे वाचले. मग पाय दुखू लागले ते दुखू लागले.

आता ही स्टेनलेस स्टीलची शेगडी राखायची कशी? मुद्दा सरळ आहे: तो पापुद्रा जपायचा. त्याला तीन वैरी. पहिली लोखंडी तारेची घासणी. ती स्टीलवर ओरखडे काढते आणि आपले लोखंडाचे कण तिथंच सोडून जाते. ते गंजतात आणि लोक स्टीलला नावं ठेवतात. दुसरं ओलं मीठ. ते रात्रभर साचलं की पापुद्र्याला बारीक भोकं पाडतं. तिसरं कपडे पांढरे करायचं ब्लीच, त्यातही मिठाचाच भाऊबंद असतो. त्यापेक्षा रेग्युलेटर बंद करा, शेगडी गार होऊ द्या, कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं. आणि पत्र्यावर ज्या दिशेनं रेघा असतील त्याच दिशेनं हात फिरवा. शेवटी कोरडं पुसा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर लिंबाची फोड फिरवून लगेच धुवा. बर्नरभोवतीचा निळा-सोनेरी रंग हा मळ नव्हे; उष्णतेनं तो पापुद्रा जाड होतो त्याची ती आभा. तिला घासत बसणं म्हणजे इंद्रधनुष्याला पोतेरं लावणं.

चौथा वैरी दूध. वास्तुशांतीला नव्या घरात आपण दूध मुद्दाम उतू घालवतो. नवी कोरी शेगडी, आणि पहिल्याच दिवशी तिच्या बर्नरच्या भोकांत शुभशकुन! ती भोकं तुंबली की हवा नीट मिसळत नाही, निळी ज्योत पिवळी होते, पातेल्याची बुडं काळी होतात, आणि पुन्हा घासणं वाढतं. म्हणून बर्नर काढा, गरम पाण्यात भिजवा, भोकं पिनेनं हलकेच मोकळी करा, वाळवून बसवा. स्टोव्ह गेला, पण पिन राहिलीच.

हल्ली पुण्यात बऱ्या घरांच्या गच्चीवर स्टीलची गॅस ग्रिल आली आहे. आमचा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्या अंगणात तर मोटारीएवढी आहे. तिला तो स्वतः घासतो, झाकण घालतो, तारेच्या ब्रशाचा केस तुटून खाण्यात जातो म्हणून ब्रश तपासतो, आणि फोनवर अर्धा तास त्याचं निरूपण करतो. सौ.नं परवा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, विस्तव घरातून अंगणात गेला की पुरुष घासायला येतात हे आधी माहीत असतं, तर सासूबाईंनी चूल अंगणातच मांडली असती." यावर बँकेच्या नोकरीत शिकलेलं मौन कामी आलं.

पण सौ. बरोबर बोलली. आमच्या घरातल्या स्टीलच्या भांड्यांवर नावं आहेत, तारखा आहेत. कुणाकडून सप्रेम भेट, कुणाच्या मुंजीत, कुणाच्या लग्नात. देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं आहे. चाळीस वर्षं ती घासणारीचं नाव एकाही वाटीवर नाही.

तिचं नाव इतिहासात आलं ते एकदाच, आणि तेही घासणं थांबवल्यावर. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी पगारवाढ आणि रजा मागत संप केला, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आम्ही बँकवाले संपावर जाणार म्हटलं की लोक आदल्या दिवशी पैसे काढून ठेवतात. भांडी आदल्या दिवशी घासून ठेवता येत नाहीत. त्या दिवसांत कितीक सुशिक्षित घरांना आपल्या कढईचं खरं वजन प्रथमच कळलं असेल. पुढं घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात व्हायला २००८ साल उजाडलं. पापुद्रा बसायला स्टीलला क्षणही लागत नाही, कायद्याला अठ्ठावीस वर्षं लागली.

२०१५ पासून गॅसचं अनुदान बँकेच्या खात्यात येऊ लागलं, तेव्हा आमच्या काउंटरवर एक नवी रांग सुरू झाली. "साहेब, गॅसचे पैसे आले का?" त्या रांगेत भांडी घासणाऱ्या पुष्कळ बायका असतात. पैसे काढायला अंगठा लावायचा. त्या अंगठा लावतात, आणि यंत्र म्हणतं, ठसा जुळत नाही. वर्षानुवर्षं राख, माती, पावडर आणि घासणी फिरवून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या असतात. मी काच पुसतो, त्यांना पदराला हात पुसायला सांगतो, पुन्हा लावतो. पुन्हा तेच.

हा घसारा कुठल्या खात्याला टाकायचा, हे सरांनी फळ्यावर लिहिलं नव्हतं. मग आम्ही दुसरं बोट लावून बघतो.