पदचिकित्सक परवाना (अमेरिका)
अमेरिकेत पावलांच्या विकारांवर उपचार करण्याचा परवाना केंद्र सरकार नव्हे, प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. साधारणतः पदवीनंतर पदचिकित्सा महाविद्यालयातील ४ वर्षांचा डीपीएम (डॉक्टर ऑफ पोडियाट्रिक मेडिसिन) अभ्यासक्रम, राष्ट्रीय परवाना परीक्षेचे टप्पे आणि रुग्णालयातील निवासी प्रशिक्षण (आता बहुधा ३ वर्षांचे) लागते. नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे तास भरावे लागतात.

खरा वाद कार्यकक्षेचा. पावलाची हद्द कुठे संपते, हे राज्यागणिक बदलते. टेक्सासच्या पदचिकित्सा मंडळाने २००१ मध्ये नियमातील पावलाच्या व्याख्येत घोटाही आणला. अस्थिशल्यविशारदांनी दावा लावला आणि २००८ मध्ये अपील न्यायालयाने ती व्याख्या अवैध ठरवली. रुग्णाच्या घोट्याला अर्थातच ही सीमारेषा ठाऊक नसते. न्यूयॉर्कमध्ये घोट्याच्या शस्त्रक्रियेसाठी वेगळे विशेषाधिकारपत्र लागते.