लाल प्रकाशोपचार, घरगुती

६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल आणि साधारण ८१० ते ८५० नॅनोमीटरचा निकट-अवरक्त प्रकाश त्वचेवर ठराविक वेळ घेण्याची पद्धत. एलईडीचे मुखवटे, पॅनेल, कमरेचे पट्टे आणि लेसर कंगवे ही तिची घरातली साधने. मान-कंबर शेकायचा लाल काचेचा दिवा नागपूरकरांच्या ओळखीचा आहे, पण तो यात मोडत नाही. त्याचे काम उष्णतेचे. एलईडी त्या मानाने गार असतो. त्याचा प्रकाश पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर शोषून घेते आणि ऊर्जानिर्मिती वाढते, अशी उपपत्ती आहे. पॅनेलवरचे काही दिवे बिघडल्यासारखे अंधुक दिसतात. ते निकट-अवरक्त असतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर बरेचदा जांभळट उजळलेले दिसतात.

यात अतिनील किरण नसतात. त्यामुळे याने ड जीवनसत्त्व मिळत नाही, आणि कोडासाठी त्वचारोग विभागात देतात त्या ३११ नॅनोमीटरच्या अतिनील उपचाराची जागाही हा घेत नाही.

१९६७ मध्ये बुडापेस्टचे डॉ. एंद्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर क्षीण लेसर सोडला, तेव्हा त्या जागी केस लवकर उगवले. या उपचाराची सुरुवात तिथली. २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुरुषांच्या टकलासाठी एका लेसर कंगव्याला परवानगी दिली. केस विरळ होणे, बारीक सुरकुत्या आणि मुरूम यांवर काहीसा गुण येतो, पण चाचण्या बहुतेक लहान आहेत आणि उपचार आठवडेच्या आठवडे नेटाने करावा लागतो. वजन घटवणे, थायरॉइड, मधुमेह यांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत.

सर्वात भक्कम पुरावा आहे तो कर्करोगाच्या रुग्णांसाठी. रेडिएशन किंवा केमोथेरपीने तोंड सोलवटते, पाण्याचा घोटही झोंबतो. हे टाळण्यासाठी मोजून दिलेल्या लाल प्रकाशाची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने पोखरलेल्या नागपूरला तिचे मोल मोठे आहे. मात्र हा उपचार रुग्णालयात, प्रशिक्षित हातांनी द्यायचा असतो. बाजारातला मुखवटा तिथे कामाचा नाही.

घरी सगळे मात्रेवर अवलंबून असते. दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॉट प्रकाश १० मिनिटे घेतला, तर १८ जूल होतात. तेच पॅनेल लांब ठेवले की मात्रा घटते. जास्त वेळ बसल्याने गुण वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो. उपकरणावर तरंगलांबी, शक्ती आणि ती कोणत्या अंतरावर मोजली हे छापलेले नसेल, तर ते घेऊ नये. भारतात वैद्यकीय उपकरणे २०१७ च्या नियमांखाली येतात. उपचाराचा दावा करणाऱ्या विक्रेत्याला परवान्याविषयी जरूर विचारावे.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेसाठी एक सावधगिरी हवी. वांग नुसत्या दृश्य प्रकाशाने आणि उष्णतेनेही गडद होऊ शकतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपट्ट्याने चेहरा गुंडाळून गाडी चालवणाऱ्या मुलीने संध्याकाळी वांगाच्या डागांवर दिवा धरण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी चालू असेल, तरीही आधी विचारावे. प्रकाशाकडे टक लावून पाहू नये. मुलांच्या चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून चीनमध्ये लाल प्रकाशयंत्रे घरोघरी पोहोचली, आणि दृष्टिपटलाला इजा झाल्याची नोंदही तिथूनच आली.

तोंडातला पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला छाला, रंग किंवा आकार बदलणारा तीळ यांवर घरी प्रकाश घेत बसू नये. खर्रा खाणाऱ्याने तर एक दिवसही दवडू नये; नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तोंड तपासून घ्यावे.