शिंदे घराण्याचा आवाज आणि दीक्षाभूमीची वाट

मिहानहून वर्धा मार्गाने शहराकडे निघाले की दीक्षाभूमी फार दूर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे झालेल्या धम्मदीक्षेची गाथा पुस्तकांइतकीच गाण्यांनी घरोघर नेली.

त्या गायकांत प्रल्हाद शिंदे अग्रणी. विठ्ठलगीते आणि भीमगीते त्यांनी एकाच पहाडी आवाजात गायिली. यात विसंगती शोधणाऱ्यांनी कॅसेटचा काळ आठवावा: श्रोता आधी आवाज ओळखत असे, मग विषय पाहत असे.

पुत्र आनंद व मिलिंद यांनी तो वारसा जोडीने चालविला. अमेरिकेतील लूव्हिन बंधू एकाच वेळी निरनिराळे स्वर लावून गात. येथे मात्र ओळ एकाने उचलायची आणि कोरसने झेलायची.

२००४ मध्ये प्रल्हाद शिंदे गेले. दीक्षाभूमीच्या वाटेवरील ध्वनिक्षेपकांतून तो आवाज अजून येतो. पाठोपाठचा बहुधा मुलांचा, किंवा नातू आदर्श यांचा असतो.