बाळंतिणीची खोली

हळर्णचे नाव इतिहासात येते ते किल्ल्यामुळे. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो जिंकला आणि ‘मार्केझ द आलोर्ना’ हा किताब मिळवला. पुढे १७८८ मध्ये पेडणे महाल कायमचा पोर्तुगीजांकडे गेला. तोफा, तहनामे, किताब... या इतिहासात बाळंतिणीची खोली कुठेच येत नाही.

त्या खोलीलाही इतिहास आहे, पण तो रूढींमध्ये. पूर्वी आपल्याकडे घरीच वैजीण बाळंतपण करायची. बाळंतिणीच्या उशाशी कोयती, जवळ निखारे आणि सहाव्या रात्री सटीचे जागरण. त्या रात्री देवी बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही श्रद्धा. गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते, ही भीती तर साऱ्या कोकणात. बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, मुलाला जवळ घेईनाशी झाली की ‘बाधा झाली’ म्हणायचे आणि घाड्याकडे धाव घ्यायची.

मला या रूढी निव्वळ अडाणीपणाच्या वाटत नाहीत. बाळंतिणीला एकटी सोडू नये, एवढे त्या बायकांना पक्के ठाऊक होते. पण ती राखण ठरल्या दिवसांपुरती. सुयेर फिटले की बाई कामाला! आणि जिचे मूल जन्मताच गेले, तिला सटी नाही, बारसे नाही. ‘दुसरे होईल’ एवढेच सांत्वन. तिच्या मनात काय चालले आहे, हे विचारायची रीतच नव्हती.

ते पद्धतशीर विचारले गेले आपल्याच गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एका जिल्हा इस्पितळातल्या २७० गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्यांतल्या बहुतेकींचे मन गरोदरपणातच ढासळलेले होते. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झाल्या नव्हत्या. कारणे? गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगी झाली म्हणून होणारा जाच. अळवंतीण यात कुठे नव्हती.

उपायही गोव्यातच तपासला गेला. ‘संगाथ’ संस्थेने २०१४ पासून २८० गरोदर स्त्रियांवर एक प्रयोग केला. डॉक्टर नव्हे, तर थोडे प्रशिक्षण घेतलेल्या साध्या बायका, म्हणजे ‘सखी’, घरी जाऊन बोलत. चमत्कार झाला नाही. पण सखी भेटलेल्या मातांमध्ये सहा महिन्यांनी नैराश्यातून बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. म्हणजे जुन्या शेजारणीचीच ही सोबत, फक्त आता ती ऐकूनही घेते.

बाळंतपणानंतरचे रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्याहून लांबले तर डॉक्टरांना दाखवावे. भ्रम झाला, स्वतःचे वा बाळाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. २०२२ पासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनीही आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे मानसोपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल सहसा तोडता येत नाही. हेही घरच्यांनी लक्षात ठेवावे.

मी कारकून माणूस. जन्मनोंदणीत बाळाचे लिंग, तारीख, जागा, आईबापांची नावे, सगळ्याला रकाना असतो. आईच्या मनाला नसतो. तो सरकारने घालावा म्हणून थांबायचे कशाला? बाळ बघायला जाल तेव्हा आधी आईजवळ बसा आणि विचारा, “बाय, तुला झोप लागते ना?” आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.